विदुराचें भुयार

गेल्या महिन्याच्या डाकेंत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. त्या लिहितात, "आमचा धाकटा कॉलेजांत आहे. रात्रीं उशिरापर्यंत मोबाईल घेऊन बसतो. कांहीं विचारलें तर म्हणतो, 'आई, व्हीपीएन चालू आहे, कोणाला कांहीं दिसत नाहीं, तूं काळजी करूं नकोस.' मला तर ह्या उत्तरानेंच अधिक काळजी वाटूं लागली आहे. हा व्हीपीएन म्हणजे आहे तरी काय, आणि मुलगा म्हणतो तें खरें काय, हें आपल्या सदरांतून सांगाल तर उपकार होतील."

पत्र वाचून आम्हांस प्रथम हंसूं आलें. ज्याचा जन्म मुलांकडून रूपावली आणि अमरकोश घोकून घेण्यांत गेला, ज्याचें इंग्रजी मॅट्रिकच्या पलीकडे पाऊल टाकतां टाकतां राहिलें, त्याला हा प्रश्न विचारणें म्हणजे भटजींना आगगाडीचें यंत्र उघडून दाखवावयास सांगण्यासारखें आहे. परंतु योगायोग असा कीं, ह्या एका यंत्रविषयाचे धडे आम्हांस घरांतच मिळालेले आहेत. ते आमच्या सूनबाईनें दिले. ते कोणत्या प्रसंगानें मिळाले हें सांगण्यास आम्हांस थोडी लाज वाटते; तथापि ज्या चुकीपासून चार घरांस शहाणपण यावयाचें ती झांकून ठेवणें शिक्षकाच्या धर्मास शोभणारें नाहीं. तो प्रसंग यथास्थळीं सांगूं.

२०२० सालच्या मार्च महिन्यांत टाळेबंदी झाली आणि आमच्या घरांतील सातही माणसें एकाच छपराखालीं अडकलीं. सूनबाई पुण्यांतील एका संगणक कंपनींत नोकरीस आहे. तिनें मागची खोली घेतली, दार लोटलें आणि तेथेंच तिची कचेरी सुरू झाली. सकाळीं नऊ वाजतां ती मोबाईलवर आलेला एक सहा आंकडी क्रमांक संगणकांत घाली आणि म्हणे, "भुयार उघडलें." त्यापुढें तिच्या पडद्याजवळ कोणीं जावयाचें नाहीं असा दंडक होता. आमच्या मातोश्री नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांस हें भुयार प्रकरण कांहींच उमगेना. आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही तें कामापेक्षां मिजाशीचेंच लक्षण वाटे. घरांतील माणसांपासून लपवून ठेवण्यासारखें असें काय आहे, हा प्रश्न आमच्या मनांत दिवसांतून एकदां तरी येऊन जाई.

आतां मूळ विषयाकडे वळूं. व्हीपीएन हीं 'व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क' ह्या तीन शब्दांचीं आद्याक्षरें आहेत. आपल्या भाषेंत 'आभासी खासगी जाळें' असें म्हणतां येईल. ह्यांतला प्रत्येक शब्द अर्थपूर्ण आहे. परंतु तो समजण्यासाठीं इंटरनेटवरून मजकूर कसा जातो हें आधीं पाहिलें पाहिजे.

आपल्या देशांत १८७९ सालीं पोस्टकार्ड सुरू झालें. पोस्टकार्डावर एका बाजूस पत्ता आणि दुसऱ्या बाजूस मजकूर असतो. पत्ता वाचणाऱ्यास मजकूरही वाचतां येतो. इंटरनेटची मूळ रचना अशाच उघड्या कार्डांची आहे. आपण कांहींही पाठविलें, मग तें पत्र असो, छायाचित्र असो कीं बोलणें असो, त्याचीं लहान लहान पुडकीं होतात. एका पुडक्यांत सामान्यतः १५०० बाईट मावतात. आपल्या देवनागरी अक्षरांतील प्रत्येक चिन्हास तीन बाईट लागतात, म्हणजे फार तर पांचशें चिन्हांचें एक पुडकें झालें. प्रत्येक पुडक्याच्या माथ्यावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन पत्ते आंकड्यांत लिहिलेले असतात. वाटेंत राउटर नांवाचीं नाकीं असतात. प्रत्येक नाकें पत्ता वाचतें आणि पुडकें पुढच्या नाक्याकडे ढकलतें. पुण्याहून अमेरिकेस जाणारें पुडकें अशीं दहा-वीस नाकीं सहज ओलांडतें. हीं नाकीं कोणाच्या मालकीचीं, तेथें कोण बसलेलें, हें पाठविणाऱ्यास ठाऊक नसतें. पुडकें उघडें असेल तर वाटेंतील कोणासही तें वाचतां येईल, आणि वाचून थोडा बदलही करतां येईल.

मोठ्या कंपन्यांस आणि बँकांस हें परवडणारें नव्हतें. म्हणून पूर्वीं त्या टेलिफोन खात्याकडून आपल्या दोन कचेऱ्यांमध्यें एक स्वतंत्र तार भाड्यानें घेत. ती तार खरोखरीच खासगी असे. तिजवर दुसऱ्या कोणाचा मजकूर जात नसे. परंतु तिचें भाडें फार, आणि घरीं बसलेल्या प्रत्येक कारकुनापर्यंत अशी तार ओढणें तर अशक्यच. तेव्हां युक्ति अशी निघाली कीं, रस्ता सार्वजनिकच वापरावा, परंतु त्यावरून जाणारा मजकूर असा बांधावा कीं दोन टोकांच्या माणसांस आपण स्वतःच्या खासगी तारेवरच बोलत आहों असें वाटावें. तार खरी नाहीं म्हणून 'आभासी', आणि मजकूर इतरांस कळत नाहीं म्हणून 'खासगी'.

हें बांधणें दोन प्रकारचें असतें. पहिला प्रकार पुडक्यांत पुडकें घालण्याचा. कंपनीच्या आंतल्या संगणकांस जे पत्ते असतात ते बाहेरच्या जगांत चालत नाहींत. १९९६ सालीं ठरलेल्या एका नियमानें पत्त्यांचे तीन गट केवळ घरगुती वापरासाठीं राखून ठेवले आहेत. १० ह्या अंकानें आरंभ होणारे सर्व पत्ते त्यांतलेच, आणि १९२.१६८ नें आरंभ होणारेही त्यांतलेच. हे पत्ते म्हणजे आपल्या वाड्यांतील 'माजघर', 'ओसरी', 'देवघर' ह्यांसारखे. माजघर प्रत्येक वाड्यांत असतें. आपण पाकिटावर नुसतें 'माजघर' लिहून पेटींत टाकलें तर पोस्टमन तें कोणाच्या माजघरांत नेणार? सूनबाईस मात्र कंपनीच्या माजघरांतल्या कपाटाशींच काम असतें. म्हणून तिचा संगणक आंतल्या पत्त्याचें पुडकें तयार करतो, तें सबंध पुडकें एका कुलूपबंद डब्यांत घालतो आणि डब्यावर कंपनीच्या महाद्वाराचा, बाहेरच्या जगांत चालणारा पत्ता लिहितो. वाटेंतील नाक्यांस फक्त डबा दिसतो. महाद्वारावरचा संगणक डबा उघडतो, आंतलें पुडकें बाहेर काढतो आणि तें कंपनीच्या माजघरांत पोंचवितो. उत्तरही असेंच उलट वाटेनें येतें. ह्या सबंध व्यवस्थेस इंग्रजींत 'टनेल' म्हणतात. सूनबाई म्हणते तें भुयार हेंच. डब्यासही थोडी जागा लागतेच. वायरगार्ड नांवाच्या अलीकडच्या पद्धतींत जुन्या धर्तीच्या पत्त्यांवर हा डब्याचा भार प्रत्येक पुडक्यामागें ६० बाईट पडतो. भुयारांतून काम थोडें मंद चालतें त्याचीं कारणें दोन: हा भार, आणि महाद्वाराला घातलेला वळसा.

दुसरा प्रकार कुलुपाचा. येथें आम्ही सूनबाईस एक शंका विचारली, आणि ती तिला पसंत पडली. शंका अशी: कुलुपाची किल्ली दोन्ही टोकांस पाहिजे. पण ती किल्ली पाठवावयाची कोणत्या वाटेनें? त्याच उघड्या रस्त्यानें पाठविली तर चोरासही तिची नक्कल मिळणार! ह्या प्रश्नानें हजारों वर्षें गुप्तलेखन करणारांस छळलें. आपल्याकडे कौटिल्यानें हेरांसाठीं सांकेतिक लिपि सांगितली आहे आणि वात्स्यायनानें चौसष्ट कलांत 'म्लेच्छितविकल्प' ही गूढ बोलण्याची कला गणली आहे. परंतु त्या सर्वांत संकेत आधीं समक्ष भेटून ठरवावा लागे. न भेटतां, उघड्यावर बोलून, गुप्त किल्ली ठरविण्याची रीति व्हिट्फील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन ह्या दोघां अमेरिकनांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केली.

ती रीति पाटीवर करून पाहण्याइतकी सोपी आहे. मुलांस जवळ बसवावें आणि करून दाखवावी. दोन अंक सर्वांदेखत ठरवावे: ५ आणि २३. आतां राम मनांत एक अंक धरतो, समजा ७. तो ५ चा सातवा घात करतो, ७८१२५. त्यास २३ नें भागून जी बाकी उरते ती, म्हणजे १७, मोठ्यानें सांगतो. गोविंद मनांत ३ धरतो. ५ चा तिसरा घात १२५, त्याची २३ नें बाकी १०. ती तो मोठ्यानें सांगतो. आतां राम गोविंदाच्या १० चा सातवा घात करून २३ नें भागतो, बाकी १४. गोविंद रामाच्या १७ चा तिसरा घात करतो, ४९१३. त्याची २३ नें बाकी तीच, १४! दोघांस १४ ही किल्ली मिळाली, आणि ती कोणींच उच्चारली नाहीं. खोलींत बसलेल्या तिसऱ्यानें ५, २३, १७ आणि १० हे चारही अंक ऐकले. पण ७ आणि ३ त्यास ठाऊक नाहींत. येथें अंक लहान आहेत म्हणून तो एकेक अंक करून पाहून उत्तर काढील. प्रत्यक्ष व्यवहारांत मात्र ह्या रीतींत २३ च्या जागीं सहाशेंहून अधिक आंकड्यांची संख्या घेतात. घात करून बाकी काढणें संगणकास क्षणाचें काम. परंतु बाकीवरून उलट मनांतला अंक शोधणें आजच्या संगणकांस आटोक्याबाहेरचें आहे. बाकीचें गणित आपल्याकडे आर्यभटाच्या कुट्टकापासून चालत आलेलें आहे. तें असें किल्ल्या घडविण्याच्या कामास येईल हें आम्हीं कधीं मनांत आणलें नव्हतें.

किल्ली ठरली कीं तिनें मजकुरास कुलूप घालावयाचें. आजचें सर्वांत प्रचलित कुलूप एईएस नांवाचें आहे. तें बेल्जमच्या दोघां विद्वानांनीं रचलें आणि अमेरिकेच्या सरकारनें २००१ सालीं प्रमाण म्हणून स्वीकारलें. त्याच्या मोठ्या किल्लीचे जितके प्रकार संभवतात ती संख्या लिहावयास ७८ आंकडे लागतात. कुलुपाबरोबर प्रत्येक डब्यावर एक मोहोरही असते. वाटेंत कोणीं डब्यास हात लावला तर मोहोर जुळत नाहीं, आणि महाद्वारावर तो डबा न उघडतां फेकून देतात.

येथपर्यंत ऐकून आम्हांस वाटलें, झालें. तों सूनबाई म्हणाली, "मामंजी, अजून खरी गोष्ट राहिलीच आहे. किल्ली ठरली, पण ठरली कोणाबरोबर? मधेंच एखादा बसला आणि मला म्हणाला, मीच कंपनी, कंपनीला म्हणाला, मीच तुमची माणूस, तर?" ह्या प्रश्नावर आमचे डोळे एकदम उघडले, कारण ह्याचें उत्तर आम्हीं आदिपर्वांत चाळीस वर्षें शिकविलें होतें.

पांडव वारणावतास निघाले तेव्हां विदुरानें युधिष्ठिरास सर्वांदेखत गूढ भाषेंत सावध केलें. शब्द सर्वांनीं ऐकले, अर्थ एकट्या धर्मराजास कळला. पुढें लाक्षागृहांत एके दिवशीं एक खनक आला आणि म्हणाला, मला विदुरानें भुयार खणण्यास पाठविलें आहे. आतां ह्याच्यावर विश्वास कसा ठेवावा? पुरोचनाचा हेर कशावरून नव्हे? तेव्हां त्या खनकानें खूण सांगितली: निघतांना विदुरानें तुम्हांस म्लेच्छ भाषेंत कांहीं सांगितलें आणि तुम्ही 'तथा' असें उत्तर दिलेंत, हीच माझ्या खरेपणाची साक्ष. दोघांसच ठाऊक असलेली गोष्ट सांगून त्यानें आपली ओळख पटविली, आणि मगच कुदळ जमिनीस लागली. सूनबाईस हें सांगतांच ती टाळी वाजवून म्हणाली, "अगदीं हेंच!" तिच्या संगणकांत कंपनीच्या खरेपणाचा एक दाखला आधींच ठेवलेला असतो, आणि तिच्या खरेपणासाठीं परवलीचा शब्द व तो सहा आंकडी क्रमांक. ही खूण आधीं पटते, भुयार मागून उघडतें. खूण न पाहतां उघडलेलें भुयार सरळ पुरोचनाच्या कोठडींतही निघूं शकेल.

अशीं भुयारें खणण्याच्या पद्धति अनेक झाल्या. आयपीसेक ही १९९५ पासूनची. मायक्रोसॉफ्ट आदि कंपन्यांनीं मिळून केलेली पीपीटीपी ही पद्धत १९९९ सालीं रीतसर प्रसिद्ध झाली. तिच्याबरोबर सामान्यतः वापरली जाणारी ओळख पटविण्याची रीति किती कच्ची आहे हें २०१२ सालीं जाहीरपणें दाखविण्यांत आलें, आणि आतां तिजवर विसंबूं नये असेंच जाणते सांगतात. ओपनव्हीपीएन २००१ ची. वायरगार्ड ही लिनक्सच्या गाभ्यांत २०२० सालीं आली. तात्पर्य, भुयारही जुनें होतें, ढांसळतें, आणि नवें खणावें लागतें.

आतां आमचा तो प्रसंग. २०२० चा श्रावण होता. मातोश्रींची दृष्टि मंद झालेली; त्यांस शिवमहिम्नस्तोत्र मोठ्या अक्षरांत हवें होतें. टाळेबंदी सैल झाल्यावर आम्हीं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानांतून तें टंकून घेतलें आणि पेनड्राइव्हमध्यें भरून घरीं आणलें. घरचा जुना संगणक बिघडलेला. सूनबाई पोळ्या लाटण्यास आंत गेलेली, तिचा संगणक उघडा, भुयार चालू. आम्हीं मनाशीं म्हटलें, दोन पानें छापावयास असा किती वेळ लागणार? पेनड्राइव्ह खोंचला आणि छापण्याची आज्ञा केली. छापण्याचें यंत्र हातभर अंतरावर असून ढिम्म हललें नाहीं. आम्ही चरफडत पेनड्राइव्ह काढून निघून आलों. यंत्र कां हललें नाहीं, हें मागून कळलें: भुयार चालू असतां त्या संगणकाचा सर्व मजकूर कंपनीच्या महाद्वाराकडेच जाई, शेजारचें यंत्र त्यास परकें.

अर्ध्या तासांत सूनबाईचा फोन वाजला. पेनड्राइव्हमध्यें दुकानांतून आलेला एक विषाणु होता. कंपनीच्या पहारेकऱ्यांस तो दिसला. त्यांनीं तत्काळ तिचें भुयार तोडलें. दुसऱ्या दिवशीं माणूस येऊन संगणक तपासणीस घेऊन गेला. तीन दिवस तिला काम नव्हतें. चौथ्या दिवशीं लेखी खुलासा मागितला गेला. आम्ही ह्या सर्व काळांत ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत होतों, आणि 'यंत्र बिघडलें' ह्यापलीकडे आम्हांस कोणीं कांहीं सांगितलें नाहीं. पंधरा दिवसांनीं चिरंजीवांच्या तोंडून सहज निघून गेलें कीं, खुलाशांत तिनें 'पेनड्राइव्ह माझ्या हातून लागला' असें लिहिलें, आणि त्या वर्षीं तिची ठरलेली बढती मागें पडली.

आम्ही तडक तिच्या खोलीशीं गेलों. म्हटलें, "सूनबाई, तूं माझें नांव कां घातलें नाहींस?" ती म्हणाली, "मामंजी, पडदा उघडा टाकून मी उठलें होतें. भुयाराचें हें तोंड सांभाळणें माझ्याकडे होतें." आम्हीं कंपनीस पत्र लिहून सर्व कबूल करण्याची तयारी दाखविली. तिनें नको म्हटलें. मग आम्हीं म्हटलें, निदान मीं काय मोडलें तें तरी मला समजावून सांग. अशा रीतीनें रोज सायंकाळीं दिवेलागणीनंतर आमची शाळा भरूं लागली.

त्या शाळेंत आम्हांस जें मुख्य कळलें तें असें. भुयार फक्त वाटेचें रक्षण करतें. त्याचीं दोन तोंडें दोन घरांत उघडतात, आणि तेथें भुयाराचा इलाज चालत नाहीं. आमच्या घरांत शिरलेला विषाणु कुलूपबंद डब्यांत सुखरूप बसून, कोणाच्या दृष्टीस न पडतां, थेट कंपनीच्या माजघरापर्यंत जाऊं शकला असता. वाट चोरांपासून जितकी सुरक्षित, तितकीच त्यासही सुरक्षित. व्यासांनीं हेंही सांगून ठेवलें आहे. खनकानें भुयाराचें तोंड लहान ठेवलें, त्यास दार बसविलें आणि तें जमिनीशीं सारखें केलें. आणि भुयार तयार असतांही पांडव रात्रीं शस्त्रें जवळ घेऊनच राहात. आम्हीं हा भाग मुलांस शिकविला, परंतु स्वतः शिकलों नव्हतों.

ह्या सर्व विवेचनावरून पत्र लिहिणाऱ्या भगिनींस आतां उत्तर देतां येईल. त्यांच्या चिरंजीवांचा व्हीपीएन हा कंपनीचा नव्हे, बाजारांतला आहे. तेथें यंत्र तेंच. फक्त भुयाराचें दुसरें तोंड आपल्या कचेरींत न निघतां व्हीपीएन विकणाऱ्या दुकानदाराच्या घरांत निघतें, आणि तेथून पुडकें उघड्या रस्त्यास लागतें. त्यामुळें दोन गोष्टी साधतात. घरीं इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस, किंवा स्टेशनवरच्या फुकट वायफायच्या मालकास, मुलगा कोठें जातो हें दिसत नाहीं. आणि ज्या स्थळीं तो जातो त्यास घरचा पत्ता न दिसतां दुकानदाराचा पत्ता दिसतो. दुकानदाराचें घर परदेशांत असेल तर मुलगाही परदेशांत असल्यासारखा भासतो. हें खरें आहे.

'कोणाला कांहीं दिसत नाहीं' हें मात्र खरें नाहीं. जें इंटरनेटवाल्यास दिसत होतें तें आतां दुकानदारास दिसतें. विश्वास नाहींसा झाला नाहीं. एकाच्या हातून काढून दुसऱ्याच्या हातीं दिला, इतकेंच. बँका आणि बहुतेक मोठीं स्थळें हल्लीं स्वतःच आपल्या मजकुरास कुलूप घालतात, त्यामुळें आंतील मजकूर दुकानदारासही सहसा वाचतां येत नाहीं. परंतु कोणत्या स्थळीं, केव्हां, किती वेळ, हें त्यास कळूं शकतें. शिवाय मुलगा जेथें आपल्या नांवानें प्रवेश करतो तेथें त्यानें आपली ओळख स्वतःच दिलेली असते; भुयारांतून गेल्यानें नांव बदलत नाहीं. कोणी लबाड फोन करून गुप्त क्रमांक विचारील आणि आपण तो सांगूं, तर तेथें जगांतलें कोणतेंही भुयार आड येणार नाहीं.

कायद्याचेंही सांगतों. व्हीपीएन वापरण्यावर आपल्या देशांत सरसकट बंदी नाहीं. परंतु २८ एप्रिल २०२२ रोजीं भारत सरकारच्या सर्ट-इन ह्या संस्थेनें असा आदेश काढला कीं, व्हीपीएन विकणारांनीं ग्राहकांचीं नांवें, पत्ते, संपर्क आणि त्यांस दिलेले अंकांतील पत्ते पांच वर्षें जपून ठेवावे. कंपन्यांच्या आपापल्या कामाच्या भुयारांस हा नियम लावला नाहीं. तो आदेश त्याच वर्षीं २५ सप्टेंबरपासून अमलांत यावयाचा होता. त्यापूर्वींच एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन अशा कांहीं कंपन्यांनीं आपलीं यंत्रें भारतांतून हलविलीं. ह्यांत सरकारचें बरोबर कीं कंपन्यांचें, हा वाद येथें करीत नाहीं. आडोसा गुन्हेगारास मिळतो हें खरें, आणि आडोसा नसेल तर भल्या माणसाचेंही खासगी कांहीं उरत नाहीं हेंही खरें.

तेव्हां बाई, आमचा सल्ला असा आहे. मुलाचा मोबाईल हिसकावून घेऊं नका. एके रात्रीं जेवणें झाल्यावर त्यास पाटी घेऊन बसवा, वर दिलेलें ५ आणि २३ चें गणित त्याच्याकडून करवून घ्या, आणि मग तीन प्रश्न विचारा. तुझ्या भुयाराचें दुसरें तोंड कोणाच्या घरांत निघतें? तो दुकानदार फुकट देत असेल तर त्याचा चरितार्थ कशावर चालतो? आणि ह्या बाजूच्या तोंडाशीं, म्हणजे तुझ्या मोबाईलमध्यें, आणखी कोण कोण बसलेलें आहे? ह्यांचीं उत्तरें त्यास देतां आलीं तर तो तुमच्या काळजीपेक्षां शहाणा आहे. न देतां आलीं तर तो तीं शोधील. आणि शोधतां शोधतां तुमच्याशीं चार शब्द बोलेल, हा लाभ वेगळा.

आमच्या घरचें सांगावयाचें तर, सूनबाईस पुढच्या वर्षीं बढती मिळाली. महिम्नस्तोत्र आम्हीं दुकानांतच छापवून आणलें. मातोश्री रोज सोमसूत्रीं बसून तें वाचतात. मागच्या खोलीच्या दारावर आम्ही आतां टकटक केल्यावांचून जात नाहीं. चार वाजतां चहा झाला कीं मातोश्री स्वयंपाकघरांतून विचारतात, "अगो, सूनबाईचें भुयार मिटलें काय?" मिटलें नसेल तर तिचा पेला झांकून ठेवतात.